सहावी वाटी

बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये, आठव्या क्रॉसच्या बाजारापासून जवळच एक मराठी कुटुंब राहत होतं. तिथं त्यांची ही तिसरी पिढी. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि नातू. घर लहान होतं, पण वर गच्ची मोकळी होती, आणि त्या गच्चीवर आजीची बाग होती.

आजीचा बागेवर फार जीव. तुळस, मोगरा, कढीपत्ता, वांगी, मिरच्या असं काय काय तिनं लावलं होतं. दर जूनमध्ये ती रोपवाटिकेतून तांबड्या मातीची पोती आणवायची आणि सोबत खताची पुडी घ्यायची. दोन-तीन महिने झाडं जोमात वाढत. दिवाळीपर्यंत कुंडीतली माती आवळून यायची. वरून घातलेलं पाणी कडेकडेनं खाली निघून जायचं. मिरचीची पानं वळायची, वांगी धरायची नाहीत. मग पुढच्या जूनला आजी ती माती पोत्यात भरून रस्त्याच्या टोकाला ठेवून द्यायची आणि नवी माती विकत आणायची.

घरातून रोज सकाळी आणखी एक पिशवी बाहेर जायची. भाजीची देठं, केळ्याची सालं, फिल्टर कॉफीचा चोथा, देवाची शिळी फुलं असं सगळं त्या पिशवीत. त्यातच दुधाच्या रिकाम्या पिशव्या, वापरलेलं ब्लेड, गेलेला बल्ब. वर एक गाठ. कचऱ्याची गाडी यायची आणि पिशवी घेऊन जायची.

"गेलं एकदाचं," म्हणून सून हात धुवायची.

त्या घरी एक दिवसाआड एक शेतकरी पालेभाजी घेऊन यायचा. यलहंक्याच्या पुढे मावळ्ळीपुरा आहे, त्याच्या शेजारचं त्याचं गाव. पहाटे चारला निघायचा, मोपेडवर मागे टोपली बांधलेली. गल्लीच्या तोंडाशी आला की "सोप्पू, सोप्पू" अशी हाक द्यायचा. त्याच्याकडे दंटू म्हणजे माठ असायचा, पालक असायचा, शेपू असायचा, आणि सगळं पहाटे खुडलेलं. आजी त्याला ओट्यावर बसवून कॉफी द्यायची आणि वाटीत उप्पिट द्यायची. त्या वाट्या सुनेच्या लग्नात आल्या होत्या. सहा वाट्यांचा संच. प्रत्येकीच्या बुडाशी देणाऱ्याचं नाव कोरलेलं आणि नावापुढे एक लहानसं कमळ. शेतकऱ्याला मराठी वाचता येत नव्हतं, पण उप्पिट संपलं की ते कमळ त्याला रोज दिसायचं.

एके दिवशी सुनेनं भांडी लावताना वाट्या मोजल्या. पाचच भरल्या. सहावी ओट्याखाली पाहिली, फडताळात पाहिली, शेजारी विचारली. मिळाली नाही. वाटी हरवली असं सगळे धरून चालले.

त्यानंतर काही दिवसांनी शेतकरी यायचा बंद झाला. आजी दोन-चार सकाळी दारात थांबली, मग बाजारातून भाजी आणू लागली.

पाऊस सुरू झाल्यावर तो एकदा आला. मोपेडवर टोपली नव्हती. त्यानं खांद्यावरच्या पंचाची गाठ सोडली आणि आतून एक वाटी काढून आजीपुढे ठेवली. वाटी घासून लख्ख केलेली होती.

"अम्मा, ही तुमचीच ना?"

आजीनं वाटी उलटी केली. नाव होतं, कमळ होतं.

"गौड्रे, ही तुम्हाला कुठं मिळाली?"

"माझ्या विहिरीपाशी."

आजीला काही उमगेना. यलहंक्यापलीकडची विहीर कुठं आणि मल्लेश्वरमची वाटी कुठं.

"शहरातल्या गाड्या कचरा आणून आमच्या गावाशेजारी ओततात," शेतकरी म्हणाला. "तिथं डोंगर झालाय. कुत्री पिशव्या ओढत शेतात आणतात. माझ्या पोरानं एक पिशवी उचलून बांधाबाहेर टाकायला घेतली, तर आतून ही वाजली. मी कमळ ओळखलं."

"आणखी काय होतं त्या पिशवीत?" आजीनं विचारलं.

"सालं होती. कॉफीचा चोथा होता. मोगऱ्याची फुलं होती."

सून दाराशी उभी होती. तिनं मान खाली घातली.

"आणि तुम्ही भाजी आणायचं का बंद केलंत?"

"पावसात त्या डोंगरातून काळं पाणी उतरतं, अम्मा. ते जमिनीत मुरतं. माझ्या विहिरीचं पाणी काळं झालं, त्याला वास यायला लागला. त्या पाण्यावरचा पालक तुमच्या नातवाला कसा आणून देऊ? आता मी यशवंतपूरच्या मार्केट यार्डात पोती उचलतो."

एवढं बोलून त्यानं कॉफी घेतली आणि तो कामावर गेला. तो रागावला नव्हता, आणि हेच आजीला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. सून पिशवी घेऊन निघाली. आजीनं तिच्या हातातून पिशवी घेतली आणि गच्चीवर नेली. एका जुन्या बादलीत सालं, देठं, चोथा ओतला आणि वर झाकण ठेवलं. रोज तिथंच टाकायचं ठरलं. आठवड्यानं झाकण उघडलं तर आत काळा रबरबाट. वास जिन्यावरून खाली उतरला आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचला. बादलीच्या कडेनं पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

मुलगा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आई, टाकून दे ते."

"कुठं टाकू?" आजीनं विचारलं.

मुलगा उत्तर द्यायला तोंड उघडणार होता. पण वाटी समोरच फळीवर होती. तो गप्प राहिला.

आजीनं शेतकऱ्याला निरोप धाडला. रविवारी तो आला. बादलीत काठी घालून त्यानं तळ ढवळला आणि म्हणाला, "अम्मा, ओलं एकटंच ठेवलंत. त्याला कोरड्याची सोबत लागते. आणि झाकण घट्ट लावून वारा बंद केलात. वारा नाही मिळाला की ते असंच सडतं."

"कोरडं म्हणजे काय घालू?"

शेतकऱ्यानं गच्चीच्या कठड्यावरून खाली बोट दाखवलं. खाली रस्त्यावर मोठमोठे पर्जन्यवृक्ष. त्यांच्याखाली झाडणारी पौरकार्मिक बाई पानांचा ढीग करून काडी ओढायच्या बेतात होती. आजी जिना उतरून लगबगीनं खाली गेली.

"अक्का, पेटवू नका. मला द्या ती पानं."

बाईनं काडी खाली टाकली. पानं जाळायला तिला कुठं आवडत होतं? धुरानं तिचेच डोळे चुरचुरायचे. पण एवढी पानं नेणार कोण आणि ठेवणार कुठं? तिनं दोन पोती भरून दिली, आणि आजीला म्हणाली, "रोज लागली तर रोज देते." ही ओळख पुढे कित्येक वर्षं टिकली.

वर गेल्यावर शेतकऱ्यानं काम दाखवायला घेतलं. त्या वेळी बंगळुरूत एकावर एक ठेवायची तीन मजली मातीची भांडी मिळायला लागली होती. 2006 मध्ये सुरू झालेल्या डेली डंप या कंपनीनं ती 'खांबा' या नावानं आणली. मुलगा तशी भांडी घेऊन आला. भोकं पाडलेले माठही चालतात, पण तळातून पाणी निथळलं पाहिजे आणि कडेनं वारा लागला पाहिजे. शेतकऱ्यानं तळाशी नारळाच्या शेंड्या पसरल्या. त्यावर वाळक्या पानांचा थर दिला. त्यावर सालं, तीही हातभर लांब न ठेवता बारीक तोडून. मग पुन्हा पानं, सालांच्या दुप्पट. वर आंबट ताकाचा शिपका मारला.

"रोज ओलं टाकलं की लगेच पानांनी झाका. उघडं साल दिसता कामा नये. साल दिसलं की माशी येते. आठवड्यातून एकदा काठीनं खालीवर करा. मूठभर हातात घेऊन आवळा. पाण्याचा थेंब पडला तर जास्त ओलं आहे, आणखी पानं घाला. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर कोरडं आहे, पाणी शिंपडा."

सुनेनं सगळं वहीत लिहून घेतलं. शास्त्राच्या पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत असतं. सूक्ष्म जीवांना नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण 30 भाग लागतात. सालादेठांत नत्र अधिक, वाळक्या पानांत कर्ब अधिक. दोन्ही मिळाले की त्यांचं पोट भरतं आणि वास सुटत नाही. शेतकऱ्याला हे आकडे माहीत नव्हते, पण त्याचा हात अचूक होता.

"हे तुम्हाला शिकवलं कुणी?" नातवानं विचारलं.

"माझ्या बापानं," शेतकरी म्हणाला, आणि काठी भिंतीला टेकवून खाली बसला. "तो बैलगाडी घेऊन या शहरात यायचा. भाजी विकायचा आणि परत जाताना शहराचा कचरा गाडीत भरून न्यायचा. तेव्हा कचरा म्हणजे पाला, शेण, राख, उष्टं-खरकटं. शेतात कमरेएवढा खड्डा असायचा. त्यात वीतभर कचरा, त्यावर चार बोटं मैला किंवा शेण, पुन्हा कचरा. खड्डा भरला की वरून चिखलानं लिंपायचा आणि सहा-आठ महिने हात लावायचा नाही. उघडला की काळं खत."

ही रीत पुस्तकांत 'बंगळुरू पद्धत' म्हणून नोंदलेली आहे. सी. एन. आचार्य या शास्त्रज्ञांनी ती 1939 मध्ये याच शहरात, जिला इथले लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात त्या भारतीय विज्ञान संस्थेत बसवली. मल्लेश्वरमपासून ती संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जगभरच्या शेतकी विद्यालयांत या शहराच्या नावानं एक खताचा खड्डा शिकवला जातो आणि त्याच शहराला आपला कचरा ठेवायला जागा सापडत नाही, हे फार वाईट वाटण्यासारखं आहे.

"मग तुमच्या वडिलांनी गाडी आणणं का थांबवलं?" नातवानं विचारलं.

"कचऱ्यात काच यायला लागली. प्लास्टिक यायला लागलं, घड्याळाचे सेल यायला लागले. एकदा आमच्या बैलाच्या खुरात काच शिरली. बैल तीन महिने उभा राहिला नाही. त्या दिवसापासून बापानं शहराचा कचरा घेतला नाही. आम्ही घेईनासे झालो, तरी शहर टाकतच राहिलं."

नातू उठला आणि त्यानं दारामागची पिशवी उपडी केली. दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढल्या, धुऊन दोरीवर वाळत घातल्या. ब्लेड आणि बल्ब कागदात गुंडाळून बाजूला ठेवले. ते काम त्यानं स्वतःकडे घेतलं आणि कुणाला करू दिलं नाही.

पुढचे काही आठवडे आजी सकाळी उठून आधी भांड्याचं झाकण उघडायची. एकदा सुनेनं आत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"आई, हे तापलंय!"

"तापू दे," आजी म्हणाली. "म्हणजे आत काम चाललंय."

वरचं भांडं भरलं की ते खाली जायचं आणि रिकामं वर यायचं. भरलेलं भांडं महिन्याभरात पाव उरायचं. अंड्याची टरफलं लवकर विरत नव्हती, ती आजी चुरून घालू लागली. लिंबाची सालं एकदम खूप पडली तर काम मंदावतं हेही तिच्या ध्यानात आलं. अळ्या अधूनमधून दिसत, पण आता सून घाबरत नव्हती. त्या खातात, मोठ्या होतात आणि उडून जातात. तिसऱ्या महिन्यात सगळ्यात खालचं भांडं उघडलं. साल नव्हतं, देठ नव्हतं, चोथा नव्हता. काळं, भुसभुशीत खत होतं आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येत होता.

पुढच्या जूनमध्ये आजीनं माती विकत आणली नाही. कुंड्यांतली आवळलेली जुनी माती तिनं गच्चीवर ओतली, मुलानं ती कुटून मोकळी केली. दोन घमेली माती, एक घमेलं खत. कुंड्या पुन्हा भरल्या. घातलेलं पाणी आता आत थांबू लागलं. दिवाळीला मिरचीची पानं वळली नाहीत. इतकी वर्षं आपण माती फेकत होतो आणि माती विकत घेत होतो, हे आजीनं त्या दिवशी सुनेला दोनदा सांगितलं.

मग 2012 चा पावसाळा आला. मावळ्ळीपुऱ्याचे लोक किती तरी दिवस सोसत होते, शेवटी त्यांनी गाड्या अडवल्या आणि तिथलं कचरा टाकणं बंद झालं. शहराच्या गाड्यांना जायला जागा राहिली नाही. मल्लेश्वरमच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पिशव्यांचे ढीग साचले. पावसानं ते भिजले, कुत्र्यांनी फाडले. लोक नाकाला पदर लावून चालू लागले. 1 ऑक्टोबरपासून महापालिकेनं ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणं सक्तीचं केलं. घराघरांत गोंधळ उडाला. फक्त एका घराच्या दाराशी ढीग नव्हता. तिथं दोरीवर दुधाच्या पिशव्या वाळत होत्या.

शेजारणी विचारायला आल्या. आजीनं प्रत्येकीला अर्धवट कुजलेल्या खताची एक एक पाटी दिली आणि सांगितलं, "विरजणासारखं लावा. नव्या भांड्यात हे आधी घाला, मग तुमचं ओलं, मग पानं."

समोरच्या घरात एक निवृत्त अधिकारी राहत होते. ते म्हणाले, "आम्ही कर भरतो. कचरा उचलणं पालिकेचं काम आहे. मी कशाला सालं ढवळत बसू?"

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कर ते खरंच भरत होते. आजीनं वाद घातला नाही. तिनं शेतकऱ्याला त्याच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं. पुढच्या रविवारी तो आला. ती बाटली घेऊन दोघं समोरच्या घरी गेले. शेतकऱ्यानं बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"आमचं प्यायचं पाणी होतं, सार," शेतकरी म्हणाला.

साहेबांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. बराच वेळ ते बाटलीकडे पाहत राहिले. संध्याकाळी त्यांनी आजीकडे येऊन विचारलं, "ती मातीची भांडी कुठं मिळतात?"

काही दिवसांत बातमी आली की शहराच्या गाड्यांनी वाट बदलली. आता त्या पूर्वेला, मंडूरला जात होत्या. आजीनं ही बातमी शेतकऱ्याला सांगितली. तिला वाटलं, त्याला बरं वाटेल.

शेतकऱ्याला बरं वाटलं नाही.

"माझ्या विहिरीचं काळं पाणी आता मंडूरच्या कुणाच्या तरी विहिरीत उतरेल," तो म्हणाला. "तिथंही कुणाचा तरी पालक असेल."

आणि तसंच झालं. 2014 मध्ये मंडूरचे लोकही रस्त्यावर उतरले. पुढे 2015 च्या डिसेंबरात उच्च न्यायालयानं साऱ्या शहराला दोन डबे आणि एक पिशवी हा नियम घालून दिला. ओल्याला हिरवा डबा, निव्वळ टाकाऊला लाल डबा आणि सुक्याला पिशवी. तोवर आजीच्या गल्लीत बहुतेक गच्च्यांवर मातीची भांडी उभी राहिली होती.

शेतकऱ्याची विहीर काही एका पावसात सुधारली नाही. बिघडलेलं पाणी सहजासहजी परत येत नाही. त्यानं गावाच्या दुसऱ्या अंगाला, उंचावर, थोडी जमीन खंडानं घेतली आणि पुन्हा पालक पेरला. मार्केट यार्डातलं काम सोडलं. एके सकाळी गल्लीच्या तोंडाशी पुन्हा "सोप्पू, सोप्पू" अशी हाक आली.

आता गल्लीतल्या घरांकडे खत जास्त होऊ लागलं होतं. कुंड्या भरून उरायचं. आजीनं विचारलं, "गौड्रे, तुमच्या जमिनीला चालेल का? आत काच नाही, प्लास्टिक नाही. माझा नातू एकेक पिशवी तपासतो."

शेतकऱ्यानं पोत्यात हात घातला, खत मुठीत धरलं, हुंगलं, बोटांत चोळलं. मग पोतं मोपेडवर चढवलं.

नातवानं त्याला दोरी बांधायला मदत केली आणि विचारलं, "अज्जा, तेच साल, तोच चोथा. मग तिकडे तुमची विहीर का नासली आणि इथं आमची मिरची का वाढली?"

शेतकऱ्यानं गाठ घट्ट केली आणि म्हणाला, "आपलं आपण आपल्या दारात सांभाळलं तर त्याचं खत होतं, बाळा. दुसऱ्याच्या दारात लोटलं की त्याचं विष होतं."

मग त्यानं टोपलीतून पालकाच्या दोन जुड्या आणि दंटूची एक जुडी काढून आजीपुढे ठेवली. आजीनं पैसे काढले. त्यानं घेतले नाहीत.

"पोत्याचे," तो म्हणाला. "पण अम्मा, पुढच्या वेळी चाळून द्या. या पोत्यात आंब्याच्या कोयी आहेत. आणि दोन दिवस सावलीत पसरून ठेवा, ओलं पोतं मोपेडला जड होतं."

"उद्याच चाळते," आजी म्हणाली, आणि सुनेला हाक मारून तिनं माळ्यावरची मोठी चाळण खाली काढायला सांगितली.